पंडिता रमाबाई आणि दुष्काळातील लेकरे



आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील मंडळ्यांस एक जुना टोमणा चांगला परिचयाचा आहे. तुमचे वाडवडील भाकरीसाठी मिशनच्या दारी आले, म्हणून तुम्ही दुष्काळी ख्रिस्ती, असे लोक म्हणत आले. आम्ही स्वतः शाळेत असताना हा शब्द ऐकला, आणि खरे सांगावयाचे तर त्याची आम्हांस लाज वाटली. आमच्या आजीची आई ही वऱ्हाडातील मोठ्या दुष्काळात आईबापांस मुकलेली पोर होती, ही गोष्ट आम्ही पुष्कळ वर्षे कोणाजवळ काढली नाही. पुढे सेमिनरीत पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचावयास मिळाले, तेव्हा कोठे ती लाज गेली. जिच्या विद्येपुढे कलकत्त्याच्या पंडितांनी मान लवविली, ती बाईही दुष्काळाचेच लेकरू होती, हे त्या दिवशी आम्हांस कळले. तिने आपली भूक कधी लपविली नाही. उलट तिच्याच आठवणीने हजारोंच्या तोंडी घास घातला, आणि ज्यांस घातला त्यांस शिकवून दुसऱ्यास घास घालावयास उभे केले. ते चरित्र आज वाचकांपुढे थोडक्यात ठेवावे, अशी आमची इच्छा आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. हे ठिकाण आज कर्नाटकात मोडते. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रियांस संस्कृत शिकविणे हे त्या काळी पाप मानले जाई, तरी त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली. त्यावरून शास्त्रीमंडळींशी वाद झाला, आणि ते रानात घर करून राहिले. तेथे शिष्य येत, यात्रेकरू येत, आणि सर्वांस त्या घरी अन्न मिळे. ह्या आदरातिथ्यात शेतीवाडी संपली व कर्ज झाले. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने घर सोडले. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांस डोंगराखाली आणण्यात आले, आणि तेव्हापासून वीस वर्षांहून अधिक काळ त्यांस आपले म्हणावे असे छप्पर मिळाले नाही. तीर्थामागून तीर्थ करावे, देवळाच्या ओवरीत बसून पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करावी, असा तो संसार होता. पहाटेच्या अंधारात आई मुलीस जवळ घेऊन संस्कृत पाठ देई. रमाबाईंची पाठशाळा ती हीच.

पुढे १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाची वर्षे सुरू झाली. दक्षिणा मिळेनाशी झाली. जवळचा पैसा देवधर्मात व दानात सरला होता. मग दागिने गेले, चांगली वस्त्रे गेली, तांब्यापितळेची भांडीही विकली गेली. ह्या घरात विद्या भरपूर होती. परंतु हातांनी करावयाचे कोणतेही काम मुलांस शिकविलेले नव्हते. मजुरी करावी तर सवय नाही, भीक मागावी तर जीभ उचलत नाही, अशी अवस्था झाली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण रमाबाईंनी ती जन्मभर ध्यानात ठेवली.

शेवटी सर्व कुटुंब तिरुपतीजवळच्या रानात शिरले, ते मरण पत्करूनच. अकरा दिवस व अकरा रात्री त्यांनी पाणी, झाडाचा पाला आणि रानातील शिंदीची फळे ह्यांवर काढल्या. म्हाताऱ्या वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला, आणि आपण जातीचा अभिमान सोडून मिळेल ते काम करू असे त्याने सांगितले. म्हणून सर्वजण रानाबाहेर आले. परंतु उपासाने खचलेले शरीर फार दिवस टिकणारे नव्हते. लवकरच वडील तापाने वारले.

थोड्याच महिन्यांत रायचूरजवळ आईने अंथरूण धरले. तिला भाकरीचा तुकडा हवा होता, म्हणून रमाबाई एका ब्राह्मण घरच्या दारी जाऊन उभ्या राहिल्या. परंतु लाजेने शब्द फुटेना. घरच्या बाईने चेहऱ्यावरूनच ओळखले व भाकरी दिली. आई गेली तेव्हा खांदा द्यावयास पुरती माणसे मिळाली नाहीत. दोघे ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ, आणि चौथा खांदा रमाबाईंचा. त्यांची उंची कमी, म्हणून तिरडीची बाजू त्यांनी डोक्यावर घेतली. पुढे काही काळाने थोरली बहीणही गेली. आता राहिले भाऊबहीण दोघे.

ह्या दोघांनी हिंदुस्थानात चार हजार मैलांहून अधिक वाट पायी तुडविली. पायांत जोडा नाही, अंगावर पुरते पांघरूण नाही. रानटी बोरे मिळाली तर ती आठीसकट गिळून टाकावी, इतकी भूक. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत निजून डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली, आणि अशा रीतीने जीव वाचविला. वाचकहो, ज्या मुलीने थडग्यात निजून रात्र काढली, तिला पुढे कोणत्याही बेघर बाईचे दुःख दुसऱ्याकडून समजून घ्यावे लागले नाही, ह्यात नवल काय?

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथे रमाबाईंची संस्कृतातील गती पाहून विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ साली मनोरमा ही कन्या झाली. आणि १८८२ साली पतीही पटकीने वारले. कडेवर तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या, तेथे आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ साली इंग्लंडास गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा हा निर्णय भुकेच्या दिवसांतला नव्हता. ज्या दिवसांत त्यांस पाला खावा लागला, त्या दिवसांत त्यांच्यापुढे कोणी मिशनरी भाकरी घेऊन उभा नव्हता. पुष्कळ वाचून, पुष्कळ झगडून, पदवी व कीर्ती हाती असताना त्यांनी ही वाट धरली. आम्हांस टोमणा देणाऱ्यांनी आणि तो ऐकून खाली पाहणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या, विशेषतः विधवांच्या, स्थितीवर त्यांनी १८८७ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला, व गावोगाव व्याख्याने दिली. विधवांसाठी राहण्याची व शिकण्याची सोय असलेले घर काढावे, हा त्यांचा हेतू होता. ह्या ठिकाणी विद्यार्थ्यांच्या एका कार्याचा उल्लेख केला पाहिजे. अमेरिकेत त्यांच्या मदतीसाठी जी रमाबाई मंडळे निघाली, त्यांतील पहिले कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी काढले. मंडळाच्या सभासदाने दहा वर्षेपर्यंत दरवर्षी एक डॉलर द्यावा, असे ठरलेले होते. ज्या मुलामुलींनी हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता, त्यांनी हजारो कोसांवरच्या निराश्रित विधवेच्या छपरासाठी आपला वाटा काढून ठेवला. एकेकट्याची वर्गणी लहानच होती. परंतु दहा वर्षांचे वचन मोठे होते. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले, आणि त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेण्यात आले.

शारदा सदनाची कथा सर्वस्वी सुखाची नाही. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, त्यावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले व पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. शाळा पारदर्शक नाही, असा आरोप झाला. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण सक्ती केली नाही, पण आपली श्रद्धा लपविणारही नाही. वाचकांस ह्यात कोणाचे किती बरोबर, हे ठरविण्याचा अधिकार आहे. आम्ही इतकेच सांगतो की, माणसे सोडून गेली तरी घर बंद झाले नाही. केडगाव येथे, पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर, रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली व फळझाडे लावली. परक्यांच्या वर्गणीवरच सदैव विसंबून राहू नये, जमिनीचे उत्पन्न असावे, हा त्यांचा विचार होता.

इतक्यात १८९६ चा पाऊस गेला. मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या वऱ्हाडाच्या शेजारीच, दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंस आपली तिरुपतीची रात्र आठवली. हाताशी पैसा थोडा होता, तरी १८९७ च्या आरंभी त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे त्यांनी पाहिली, गरीबखाने पाहिले, झाडाखाली पडलेली लेकरे पाहिली. भुकेपेक्षाही भयंकर गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, ती ही की, अनाथ मुलींस फसवून वाईट मार्गास लावणारी माणसे त्या गर्दीत फिरत होती. म्हणून केवळ अन्न देऊन परत यावे, असे त्यांस वाटेना. सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा त्यांनी आपल्याबरोबर आणविल्या.

त्यांस ठेवावयाचे कोठे? पुण्यात प्लेग होता, आणि शारदा सदनात अधिक माणसे घेण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा केडगावच्या माळावर तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या. पुण्यातील सरकारी प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची कशी दुर्दशा होते, हेही रमाबाईंनी त्याच वर्षी मुंबईच्या एका ख्रिस्ती वर्तमानपत्रात निर्भयपणे लिहिले. गव्हर्नराने ते नाकारले, पण प्रकरण दडपले गेले नाही.

आता आम्ही ह्या चरित्रातील जो भाग सांगण्यासाठी लेखणी हाती घेतली, त्याकडे येतो. दुष्काळातून आलेल्या त्या मुलींची स्थिती कशी होती? अंगावर चिंध्या, डोक्यात उवा व जखमा, पोट सुजलेले, मन भ्यालेले. पुष्कळांस नीट जेवण मिळू लागल्यावरही उद्याचा भरवसा वाटत नसे, म्हणून त्या भाकरी लपवून ठेवीत. कित्येक आल्या त्या मरणाच्या दारातूनच, आणि वाचल्या नाहीत. ह्यांचे अंग कोणी धुवावे? जखमा कोणी बांधाव्या? अक्षरे कोणी गिरवून घ्यावी? एकटी रमाबाई हे करू शकली नसती. हे काम शारदा सदनात शिकलेल्या मुलींनी हाती घेतले. ह्या मुली बहुतेक उच्चवर्णीय, स्वतः विधवा म्हणून घराबाहेर पडलेल्या. सदनात त्यांस आपापले सोवळे पाळण्याची मोकळीक होती. आता त्यांच्यापुढे निरनिराळ्या जातींची, रोगाने भरलेली पोरे आली. त्यांतील कित्येकींनी हात मागे घेतला नाही. त्या शिक्षिका झाल्या, आई झाल्या. काल ज्यांस आसरा मिळाला, त्यांनी आज आसरा दिला.

२४ सप्टेंबर १८९८ रोजी केडगावी पक्क्या इमारतीची कोनशिला बसली, आणि त्या घरास मुक्ती सदन हे नाव मिळाले. परंतु इमारत पुरती होते न होते तोच १८९९ चा पाऊस फसला. हा दुष्काळ आपल्या दारातला. गुजरात-राजपुतान्यात त्यास छप्पन्या म्हणतात, कारण तो संवत १९५६ मध्ये पडला. वऱ्हाडात ज्वारी गेली, कापूस गेला. आणि पीक गेल्यावर मजुरी गेली, म्हणजे बाजारात धान्य असले तरी ते घ्यावयास गरिबाच्या पदरी पैसा उरला नाही. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ साली सुमारे २९ लाख होती, ती १९०१ च्या शिरगणतीत सुमारे साडेसत्तावीस लाखांवर आली. आमच्या जिल्ह्यात खामगावी मुलींचे आणि शेजारी अकोल्यास मुलांचे अशी अलायन्स मिशनची अनाथगृहे त्या दिवसांत लेकरांनी भरली. ह्याच मिशनच्या जेनी फुलर बाईंनी हिंदी स्त्रियांच्या दुःखांवर लिहिलेला ग्रंथ १९०० साली निघाला, त्यास प्रस्तावना रमाबाईंची आहे. केडगाव व वऱ्हाड ह्यांचे अशा रीतीने एकाच कामात हात जुळलेले होते.

ह्या वेळी रमाबाईंनी केडगावहून गुजरातेत सेवकांची तुकडी पाठविली. तिच्यात सदनात शिकून तयार झालेल्या स्त्रिया होत्या. तीन वर्षांपूर्वी जे काम बाईंनी स्वतः केले, ते आता त्यांच्या विद्यार्थिनी करू लागल्या. गावोगाव जाऊन, रस्त्याच्या कडेस पडलेल्या मुली उचलून, त्यांस पाजून-खाऊ घालून रेल्वेने केडगावी आणू लागल्या. १९०० सालच्या अखेरीस मुक्तीतील माणसे दीड हजारांहून अधिक झाली. एवढ्या मुखांस रोज दोन वेळ अन्न देणे म्हणजे काय, हे ज्या आयाबहिणींस दहा पाहुण्यांच्या स्वयंपाकाचा अनुभव आहे, त्यांनीच कल्पावे.

येथेच रमाबाईंनी आपल्या बाळपणाचा धडा उपयोगात आणला. त्यांच्या बापाच्या घरी अठरा हजार श्लोकांचे भागवत पाठ होते, पण भाकरी मिळविणारा हात नव्हता. मुक्तीत त्यांनी पाटीबरोबर हातमागही ठेवला. मुली वाचू लागल्या, आणि विणू, शिवू लागल्या; शेती, गोठा, तेलाचा घाणा, धोबीकाम, छापखाना, सर्व त्याच चालवू लागल्या. आंधळ्या मुलींसाठी वेगळे घर झाले. मनोरमाबाई अमेरिकेस शिकून आल्यावर त्या मुली बोटांनी वाचावयास व टोपल्या विणावयास शिकल्या. फसलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन अशी घरे वाढत गेली. ज्यांस लोक दुष्काळी पोरी म्हणत, त्यांतील काहींनी इब्री व हेल्लेणी लिपीचे खिळे जुळविले, आणि रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेला मराठी बायबलाचा सोपा तरजुमा त्यांच्याच हातून छापला गेला.

मनोरमाबाई आईच्या आधीच, २४ जुलै १९२१ रोजी, वारल्या. एकुलत्या एका लेकीस मातीआड करूनही रमाबाईंनी बायबलाचे काम सोडले नाही. शेवटची मुद्रिते तपासून झाली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराश्रित स्त्रिया व मुले ह्यांचे घर आहे.

वाचकहो, हे चरित्र वाचून केवळ धन्य म्हणून पान उलटू नये, अशी आमची विनंती आहे. आपल्या जिल्ह्यात आता छप्पन्यासारखा दुष्काळ नाही. तथापि लोणार, मेहकर, सिंदखेड राजा, मोताळा ह्या बाजूंच्या खेड्यांतून जी मुले शिकावयास बुलढाण्यास, खामगावास अथवा पुण्यास जातात, त्यांची भूक आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. एका मंडळीतील होतकरू मुलगा कॉलेजास गेला. वसतिगृहात जागा मिळाली नाही. खोलीचे भाडे दिले की खानावळीस पैसे उरत नसत. तो एक वेळ जेवे, आणि घरी मात्र सर्व ठीक असल्याचे कळवी. दुसऱ्या वर्षी तो शिक्षण सोडून मजुरीस लागला. आम्हांस हे कळले ते फार उशिरा, कारण आम्ही विचारले नव्हते आणि त्याने लाजेने सांगितले नव्हते. रायचूरच्या त्या बाईने दारात उभ्या मुलीचा चेहरा ओळखला. आम्ही पाळक असून आपल्या मुलाचा चेहरा ओळखला नाही. ही चूक आमची आहे, आणि ती येथे कबूल केली पाहिजे.

म्हणून आम्ही उपदेशक बंधूंस व मंडळ्यांच्या वडिलांस असे सुचवितो. जून महिन्यात शाळा-कॉलेजे उघडण्यापूर्वी आपल्या मंडळीतून कोण बाहेरगावी शिकावयास जात आहे, तो राहणार कोठे व जेवणार कोठे, ह्याची यादी करावी. यादीत मंडळीबाहेरची शेजाऱ्यांची गरीब मुलेही धरावी; मध्य प्रांतात झाडाखाली पडलेल्या लेकरास रमाबाईंनी आधी त्याचा धर्म विचारला नाही. स्वयंपाकाच्या वेळी मूठभर ज्वारी अथवा तांदूळ बाजूस काढून ठेवण्याची आपल्या आयांची जुनी रीत आहे. ज्या घरी ती मोडली असेल, त्यांनी ती पुन्हा सुरू करावी व ते धान्य ह्या कामास द्यावे. आणि जी मुले आज शिकत आहेत, त्यांनी केवळ घेणारी राहू नये. आपल्या खोलीशेजारी कोण उपाशी निजतो, हे सर्वांत आधी विद्यार्थ्यासच कळते. त्याने ते मंडळीस कळवावे, आपल्या सोबत्यांत लहानशी वर्गणी ठेवावी, आणि स्वतः नोकरीस लागल्यावर कॉर्नेलच्या त्या विद्यार्थ्यांप्रमाणे दहा वर्षांचे वचन द्यावे.

आमच्या आजीच्या आईचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही. तिला कोणी उचलले, कोणी अंघोळ घातली, पहिला घास कोणी भरविला, हे तिलाही पुढे सांगता आले नाही. ती फार लहान होती. परंतु ज्या कोणी ते केले, त्यांच्यामुळे आम्ही आज हे लिहीत आहोत. पुढच्या वेळी कोणी आपणांस दुष्काळी म्हणाले, तर वाचकांनी रागावू नये. होय म्हणावे, आणि घरी येऊन ती मूठ बाजूस काढावी.